हद्दीबाहेरची मंडळी

भुसावळ,
१८ मे

प्रिय मुरली,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लांबलं, त्याचं कारण ऐकून हसशील. आमच्या बॅप्टिस्ट मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. रिटायर माणूस, अक्षर बरं, दुपारी घरात नुसती अडचण, झाली निवड. तीही हात वर करून. आमच्यात पंखा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हेसुद्धा मताला पडतं. वर बिशप नाही, हेड ऑफिस नाही. पाळक नेमते मंडळी आणि नारळ देते तीही मंडळीच. नाना म्हणायचे, युनियनची मीटिंग परवडली.

नाना म्हणजे खरं तर 'नान्ना', तेलुगूत वडील. तुम्ही पोरांनी त्याचं 'नाना' केलंत आणि अख्ख्या क्वार्टर्सनी तेच उचललं. ते काझीपेटहून इथे लोको शेडला आले. लांबचे तेलुगू लोक भुसावळात कसे, असं नवा पाळक विचारत होता. अरे, १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे वेगळी निघाली. त्याआधी सिकंदराबाद-काझीपेट मध्य रेल्वेतच होतं. बदलीचा कागद आला की ट्रंक उचलायची. आमच्या मंडळीचा पाया कुठल्या मिशनने नाही घातला, रेल्वेच्या बदल्यांनी घातला. हे वाक्य मी इतिहासात लिहिलंय. राहतं की जातं, बघू.

आधी उपासना आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात व्हायची, तुला आठवत असेल. तू बाहेर कंपाउंडवर बसून भजन संपायची वाट बघायचास, कारण बॅट आमच्याकडे असायची. मग गावाबाहेर प्लॉट घेतला. एका बाजूला केळीची बाग, दुसऱ्या बाजूला वीटभट्टी, मध्ये आमची पत्र्याची शेड. आता चारही बाजूंनी कॉलन्या झाल्यात आणि शेजारी जिम आहे, पण तेव्हा नगरपालिकेची हद्द अलीकडेच संपायची. तू विचारायचास, "तुमचं चर्च साहेबांच्या चर्चसारखं दगडी का नाही रे? घंटा कुठंय?" मला फार लाज वाटायची. आता या वयात वाचताना कळतंय की पहिल्यापासूनच आमची जात हद्दीबाहेरची. इंग्लंडातली पहिली बॅप्टिस्ट मंडळी थॉमस हेल्विस नावाच्या माणसाने १६१२ साली जमवली, ती लंडनच्या तटाबाहेर, स्पिटलफील्ड्सला. गडी आधी देश सोडून अ‍ॅमस्टरडॅमला गेलेला. परत आला तो राजालाच सुनवायला, की माणूस आणि देव यांच्यात तुझं काम नाही. ख्रिस्ती असो, तुर्क असो, ज्यू असो, श्रद्धेपायी कुणाला शिक्षा करायची नाही. त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं. आणखी चारेक वर्षांत तो गेला.

त्याचा जोडीदार जॉन स्मिथ. त्याने १६०९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला, आणि तोही आमच्यासारखा पाण्यात बुडवून नाही, डोक्यावर पाणी ओतून! बुडवून द्यायची रीत इंग्लंडातल्या बॅप्टिस्टांत आली ती १६४० च्या सुमारास. हे मी मसुद्यात लिहिलं तर पाळकसाहेबांनी पेन्सिलीने गोल केला. "तरुणांच्या मनात गोंधळ होईल." मी म्हटलं, मताला टाका.

आता तुझ्या कामाचं. तू मराठीचा प्राध्यापक, वर्गात विल्यम केरीचं नाव घेत असशीलच. जोडे शिवणारा हा बॅप्टिस्ट माणूस १७९३ साली कलकत्त्याला उतरला, पुढे श्रीरामपूरला गेला. आपल्या नगरकडच्या नाही, बंगालच्या; ते तेव्हा डेन्मार्कचं होतं. त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये कोश. महाराष्ट्रापासून शेकडो मैलांवर, हुगळीच्या काठी. सोबत वैजनाथ पंडित होते म्हणून जमलं. कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेत म्हणे. मोडी वाचणारा माझ्या ओळखीत तू एकटाच. तुमच्या ग्रंथालयात त्याची प्रत असेल तर एका पानाचा फोटो पाठव, इतिहासात छापतो.

केरीच्या चरित्रात मी अडकलो तो मात्र वेगळ्याच जागी. सात वर्षं राबून त्याला पहिला शिष्य मिळाला, कृष्ण पाल नावाचा सुतार. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीत त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच दिवशी, त्याच पाण्यात केरीचा थोरला मुलगा फेलिक्सही उतरला. म्हणजे बघ, खुद्द मिशनरीचं पोर, पण तोवर बाप्तिस्मा नव्हता. आमच्यात तान्ह्याला देत नाहीत. ज्याचं त्याने येऊन मागायचं. बाप कितीही मोठा असला तरी वारसाहक्क लागत नाही.

नायनम्मा, म्हणजे नानांची आई, आम्हाला ओंगोलची गोष्ट सांगायची. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. तिथल्या क्लफ नावाच्या मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा ठेका घेतला आणि हजारो उपाशी लोकांना काम दिलं. लोक बाप्तिस्मा मागायला लागले, तर हा देईना. भाकरीसाठी आलेत असं व्हायला नको. पाऊस झाला, पोटं भरली, तरी लोक येतच राहिले. तेव्हा ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा उपदेशक, दोघे पाण्यात, दमले की दुसरे दोघे. आपला आजोबा त्या रांगेत होता, असं नायनम्मा सांगायची. खरं खोटं तीच जाणे, पण आकडा ती कधी चुकली नाही.

आमच्याकडे आधी तापीवर जायचो. मी चोवीस वर्षांचा असताना तापीतच उतरलो, तू काठावर माझे कोरडे कपडे धरून उभा होतास आणि घरी गेल्यावर काकूंनी तुला विचारलं होतं, "त्यानं पाण्यात पडून काय केलं, बाप्पा?" पुढे उन्हाळ्यात पात्राची अवकळा बघवेना, म्हणून व्यासपीठाखाली टाकी बांधली. आठ फूट बाय पाच. वरच्या फळ्या काढल्या की टाकी, लावल्या की पाळक त्यावर उभे राहून संदेश देतात.

भांडणाचंही लिहायचं होतं, पण ते एका ओळीत उरकलं. उपासना तेलुगूत की मराठीत, यावर दोन वर्षं धुसफूस झाली. शेवटी मत घेतलं. नानांनी मराठीला मत दिलं आणि त्यांचेच दोन जुने मित्र त्यांच्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत. त्या वर्षीच्या नाताळात पंगत मात्र एकच होती: बामणोदच्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, आणि कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात. त्या दोघांनी भरीत दोनदा मागून घेतलं, नानांकडे न बघता.

गेल्या रविवारी एका मुलीचा बाप्तिस्मा होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून टँकर मागवला. आमचा जोएल पुण्याहून आला होता. बावीस वर्षांचा झाला, दर रविवारी शेवटच्या बाकावर बसतो, पण अजून मागितलेलं नाही. त्याची आई कधी कधी बोलून दाखवते. मी नाही बोलत. सगळे गेल्यावर आम्ही दोघं टाकीतलं पाणी बादल्यांनी काढून मागच्या कडुनिंबांना घालत होतो. तो खाली उतरलेला, पॅन्ट दुमडून, मी वर. अर्धी टाकी झाल्यावर म्हणाला, "पप्पा, भरायला किती लिटर लागतं?"

"चार हजार," मी म्हटलं, आणि पुढची बादली घेतली.

डिसेंबरात ये. वांगी तोवर येतील. वहिनींना नमस्कार सांग, आणि फोटोचं विसरू नकोस.

तुझा,
शमू