वरकसावरच्या भाताची तारीख फुलोऱ्यावरून ठरवा

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस सुरू झाला की तुमच्या पेपरात पेरणीच्या बातम्या येतात, चांगलंच आहे, पण वरकस जमिनीत पेरभात करणाऱ्याच्या कामाचं त्यात काही नसतं म्हणून लिहितोय. मुरमाड उथळ जमीन, पाणी साठत नाही, चिखलणी नाही की लावणी नाही, सगळा भात पावसाच्या भरवशावर. आठवडाभर उघडीप पडली की पान गुंडाळायला लागतं.

पहिली सर आली की लोक बी टाकायची घाई करतात. वरची दोन बोटं माती भिजलेली, खाली कोरडी ठण्ण, मग कोंब येतो आणि तिथंच वाळतो, की दुबार पेरणी आलीच. चार बोटं खालची माती उकरून मुठीत दाबा, गोळा धरत असेल तरच पेरणीची पाभर जुंपा. पण फार थांबूनही चालत नाही हां, पहिल्या पावसाने मातीतलं नत्र मोकळं होतं, उशीर केला तर पुढच्या जोराच्या पावसात ते धुऊन जातं, आणि तण तर भाताच्या आधी हजर. कुळवाची एक पाळी देऊन उगवलेलं तण मारा नि लगेच पेरा.

आता मुख्य मुद्दा. तारीख पावसाच्या सुरुवातीवरून नाही, तो कधी जातो त्यावरून मागे मोजायची. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं वाण 90 दिवसांचं धरलं तर साधारण 60व्या दिवशी फुलोरा, पुढचे 30 दिवस दाणा भरायला. पोटरी (लोंबी अजून पानाच्या आवरणात असते ती अवस्था) ते फुलोरा या काळात पाण्याचा ताण बसला तर लोंबी धड बाहेर पडत नाही, पडली तरी दाणा चिमटीत दाबून बघा, नुसता पळिंज, आतून पोकळ, नंतर कितीही पाऊस पडू दे तो भरत नाही. म्हणजे फुलोरा भर पावसातच यायला हवा आणि दाणा भरेपर्यंत ओल टिकायला हवी. गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या वाणांच्या नादी अशा जमिनीत लागूच नये, त्यातली बरीचशी दिवस लहान झाल्यावरच फुलतात, लवकर पेरा नाहीतर उशिरा, आणि तोवर पाऊस गेलेला असतो.

तेव्हा विनंती आहे, पाऊस कधी येणार हे छापता तसं त्या त्या भागातून तो साधारण कधी जातो आणि मधली उघडीप बहुतेक कधी पडते तेही पेरणीच्या आधी छापा, बी निवडायच्या आधी आमच्या हातात पडलं पाहिजे.

पेरभात करणारा एक शेतकरी