भाजी गट : रविवारची खरेदी

सभासदहो, या रविवारी पहाटे साडेचारला टेम्पो पुण्याच्या घाऊक बाजारात, गुलटेकडी मार्केट यार्डात जाणार आहे. मागणी शुक्रवारी रात्री नऊपर्यंत कळवा. तिथे कांदा-बटाटा पोत्यानं आणि पालेभाजी शेकड्यानं मिळते, हिशेब जुळला नाही तर मेथीच्या उरलेल्या जुड्या कुणाच्या तरी गळ्यात पडतात (मागच्या वेळी माझ्या. चार दिवस मेथीच!).

वाटप सकाळी आठला, पार्किंगमध्ये. पिशव्या घरूनच आणा. भाव खरेदीचाच, वर फक्त हमाली आणि टेम्पोभाडं.

नवीन कुटुंबांचं स्वागत आहे, पण महिन्यातून एकदा निवडणं, वजन करणं किंवा पहाटेची फेरी यातलं एक काम करावंच लागेल. पगारी माणूस नाही म्हणूनच भाजी स्वस्त पडते. रविवारी वजनाला दोघं कमी आहेत. कोण येतंय?