माजी सैनिकांच्या औषधाला मार्च एंडिंग नको

महोदय,

मी मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार (क्लार्क) होतो. उभी नोकरी बिलं, व्हाउचर आणि मार्च एंडिंगमध्ये गेली, त्यामुळे ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे दवाखान्यात, औषधखिडकीवर काय शिजतंय ते मला जरा लवकर कळतं.

बायकोला इन्सुलिन लागतं. दर महिन्याला एसटीने 62 किलोमीटर जायचं आणि थर्मासात बर्फ घालून बाटल्या आणायच्या. एप्रिलपासून सात-आठ महिने सहसा अडत नाही. फेब्रुवारी लागला की खिडकीतला मुलगा चिठ्ठीवर लाल बॉलपेनने ‘एनए’ लिहितो. औषध नाही. बाहेरून घ्या, बिल जोडा, पैसे मागाहून मिळतील. माझं भागतं, शिवाय क्लेमची फाइल करायला मला कोण शिकवणार? पण आमच्या गल्लीत एका लान्सनायकाच्या पत्नी एकट्याच राहतात. आधी पदरचे पैसे घालणं त्यांना जमत नाही. रक्तदाबाची गोळी त्या एक दिवसाआड घेतात, पुरवून पुरवून.

खिडकीतल्या मुलाला बोलून काय उपयोग? ईसीएचएस 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली ती संरक्षण मंत्रालयाच्या आदेशावर. संसदेचा कायदा तिच्यामागे नाही. आम्ही फुकटही घेत नाही. निवृत्त होताना आजच्या दराने हवालदारापर्यंत 30 हजार आणि सुभेदाराला 67 हजार रुपये एकरकमी भरावे लागतात. तरतूद वाढली हेही खरं, 2024-25 चे 6,968 कोटी 2025-26 ला 8,317 कोटी झाले. पण आकडा दर वर्षी नव्याने ठरतो. आदल्या वर्षीची थकलेली बिलं त्यातूनच भागवली की नवं वर्ष सुरू होतानाच तोकडं. रुग्णालयांचे पैसे अडकले की तीही कार्ड बघून कां-कूं करतात.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचा माझा स्वभाव नाही. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत प्रतीक्षायाद्या लपवल्याचं प्रकरण 2014 मध्ये केवढं गाजलं! पण त्यांनी 2009 साली कायदा करून उपचाराचा मुख्य पैसा एक वर्ष आधीच मंजूर करायची सोय केली. बजेट रखडलं तरी दवाखाना अडत नाही. आपल्या खासदारांनी एवढं एक कलम मागावं: माजी सैनिकांच्या उपचाराचा निधी कायद्याने बांधलेला, वर्षभर आधी मंजूर आणि 31 मार्चला न बुडणारा.

ते व्हायचं तेव्हा होवो. ठरवून दिलेल्या दुकानातून विनापैसे औषध मिळण्याची सोय नियमात आहेच. निदान त्या दुकानदाराची बिलं तरी महिन्याच्या महिन्याला चुकती करा. गेल्या फेब्रुवारीत आमच्याकडच्या दुकानदाराने थकबाकीची वही काढून दाखवली आणि गल्लीतल्या त्या वहिनींना रिकाम्या हाताने परत पाठवलं.

– एक निवृत्त सुभेदार