खंडेनवमीच्या आत रॅकेट हव्यात: यॉर्कशायरमधल्या मराठी घरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

यॉर्कशायर म्हटलं की भारतातून आलेल्या पाहुण्यांना पहिला सचिन आठवतो. १९९२ साली तो इथे काउंटी खेळला, यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून. पण याच काउंटीतून स्क्वॉशचे (बंद कोर्टात रॅकेटने चेंडू भिंतीवर मारायचा खेळ) जगज्जेते निघाले, हे इथे पंधरा-पंधरा वर्षं राहून आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? (लेक खेळायला लागेपर्यंत मलाही नव्हतं.)

२०१० ची जागतिक स्पर्धा सौदी अरेबियात झाली. अंतिम सामन्यात समोरासमोर कोण, तर शेफील्डचा निक मॅथ्यू आणि पॉन्टिफ्रॅक्टचा जेम्स विल्स्ट्रॉप. दोन्ही गावं एकाच काउंटीतली, आणि सामना खेळायला गेले थेट आखातात! मॅथ्यू जिंकला, पुरुषांमध्ये जगज्जेता होणारा तो पहिला इंग्लिश खेळाडू. २०११ आणि २०१३ लाही विजेतेपद त्याचंच. विल्स्ट्रॉप २०१२ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला आला. त्याआधी २००४ मध्ये ते स्थान पॉन्टिफ्रॅक्टच्याच ली बीचिलने मिळवलं होतं. ज्येष्ठमधाच्या काळ्या चकत्यांसाठी ओळखलं जाणारं हे एवढंसं गाव, आणि त्याच्या एका क्लबात जगातले दोन अव्वल खेळाडू तयार झाले. दोघांचे कोच एकच: जेम्सचे वडील, माल्कम विल्स्ट्रॉप. २०२१ मध्ये ते गेले.

आपला सौरव घोषालही त्यांच्याच हाताखालचा. लीड्स विद्यापीठात शिकत असताना तो त्यांच्याकडे सराव करायचा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवलं, स्क्वॉशच्या एकेरीतलं भारताचं पहिलं. हरवलं कोणाला? जेम्सला, म्हणजे स्वतःच्या गुरुबंधूलाच. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने सुवर्ण जिंकलं. त्या संघात सौरवबरोबर मुंबईचा महेश माणगावकरही होता. आणि २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश घेण्याचा निर्णय झाला तोही मुंबईतच, ऑक्टोबर २०२३ मध्ये.

आता आपल्या मंडळाचं सांगतो. दर शनिवारी सकाळी आपली अकरा मुलं कोर्टवर येतात. रॅकेट सहा. त्याही गेल्या गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत घेतलेल्या, आणि एकीची तार तुटलीय. हिवाळ्यात चेंडू इतका गार पडतो की उसळतच नाही. पहिली पाच-सात मिनिटं तो नुसता भिंतीवर हाणून गरम करावा लागतो. त्यात निम्मी मुलं बाकावर पाय हलवत बसलेली, 'काका, माझी पाळी कधी?' संरक्षक चष्मे एकमेकांत फिरवावे लागतात. छोट्यांच्या नाकावरून ते घसरतात, म्हणून मागे केसांचं रबर बांधलंय. इतक्या छोट्या खोलीत दोघं रॅकेट फिरवतात, तिथे डोळ्यांच्या बाबतीत काटकसर नको.

कोचचं मानधनही थकायला नको. गणिताच्या शिकवणीला आपण निमूट पैसे मोजतो, खेळ शिकवणाऱ्याकडे मात्र 'जरा कमी नाही का होणार?' हे बरं दिसत नाही.

म्हणून विनंती. पाच पौंड द्या, पन्नास द्या, जमेल तसं द्या. मंडळाच्या नेहमीच्या खात्यात भरताना संदर्भात 'स्क्वॉश' लिहा, नाहीतर रक्कम दिवाळी फराळाच्या हिशेबात जाते आणि खजिनदार हैराण होतात. इथे कर भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म आवर्जून भरा. तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स वर मिळतात. पैसे देणं जमत नसेल तर माळ्यावरची जुनी रॅकेट, लहान मापाचे, फरशीवर डाग न पाडणारे बूट, किंवा शनिवारी गाडीतली एक जागा दिलीत तरी चालेल. वेकफिल्डकडची तीन मुलं केवळ आणणारं कोणी नाही म्हणून निम्मे शनिवार बुडवतात.

हे सगळं खंडेनवमीच्या आत व्हावं अशी इच्छा आहे. त्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये पाटावर नव्या रॅकेट मांडून हळदकुंकू वाहायचं ठरलंय. तुटक्या तारेची रॅकेटही पाटावर असेल, पण तोवर तिला नवी तार बसलेली असावी.

आपली,
क्रीडा समिती, मराठी मंडळ