चंद्रावर आधी यंत्रं उतरली होती

संपादक साहेब,

चंद्राचा विषय निघाला की गाडी थेट १९६९ च्या आर्मस्ट्राँगवर जाते, मधलं सगळं गायब. अहो, त्याच्या साडेतीन वर्षं आधी, ३ फेब्रुवारी १९६६ ला रशियाचं लुना ९ तिथे सुखरूप उतरलं होतं आणि तेही सहजासहजी नाही, १९६५ मध्ये लुना ५, ७, ८ आपटली, लुना ६ तर चंद्राला चुकवून पुढेच निघून गेलं. हा सगळा कार्यक्रम उभा करणारे कोरोलेव्ह जानेवारीत गेले, तीन आठवडे अजून जगले असते तर बघायला मिळालं असतं, वाईट वाटतं.

तेव्हा काही शास्त्रज्ञांना वाटायचं की वर धुळीचा जाड थर आहे, यान त्यात रुतून बसेल. लुना ९ चा जवळपास १०० किलोचा गोळा एअरबॅगमध्ये गुंडाळून टाकला, टुणटुण उड्या मारत थांबला, बुडाला नाही! गंमत म्हणजे फोटो इंग्लंडच्या जॉड्रेल बँक दुर्बिणीने मधेच पकडले, सिग्नल फॅक्ससारखा वाटला म्हणून पेपरवाल्यांचं मशीन मागवलं आणि रशियाच्या आधी लंडनच्या पेपरात फोटो छापून आले.

जूनमध्ये अमेरिकेचं सर्व्हेयर १ उतरलं, त्याने ११ हजारांवर फोटो पाठवले. आपल्या चांद्रयान ३ वर तुम्ही पानंच्या पानं दिलीत, छानच होती, पण या जुन्या यानांवर एखादी रविवार पुरवणी काढा की.

– एक नियमित वाचक, ठाणे