परराष्ट्रमंत्र्यांच्या चर्चेत खलाशांचाही विषय हवा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

भारत-पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री एकत्र येतात त्या बैठकांचे वृत्तांत आपल्या दैनिकात सविस्तर येतात आणि मी ते नेमाने वाचतो. कोणी हस्तांदोलन केले, कोणी नुसता नमस्कार केला, संयुक्त निवेदनात दहशतवादाचा उल्लेख आला की नाही, याची चर्चा पुढे चार दिवस चालते. ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे जे घडले त्यानंतर सुरक्षेचा प्रश्न बाजूला ठेवून पाकिस्तानशी बोलणी करा, असे कोणी सुचवू नये. परंतु याच चर्चेत समुद्रावर पकडल्या जाणाऱ्या मच्छीमारांचा विषय वर्षानुवर्षे मागे पडतो आणि त्याची झळ आमच्या पालघर जिल्ह्यातील घरांना बसते, म्हणून हे पत्र.

४ व ५ मे २०२३ रोजी गोव्यात बाणावली येथे शांघाय सहकार्य संघटनेच्या, म्हणजे भारत व पाकिस्तान हे दोघेही सदस्य असलेल्या गटाच्या, परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. बिलावल भुट्टो झरदारी त्यासाठी आले होते. पाकिस्तानचा परराष्ट्रमंत्री भारतात येण्याची २०११ नंतरची ती पहिलीच वेळ. एस. जयशंकर यांच्याशी त्यांची स्वतंत्र बैठक झाली नाही, उलट दोघांनीही एकमेकांच्या देशावर कठोर शब्दांत टीका केली. तरीही त्याच महिन्यात पाकिस्तानने १९८ भारतीय मच्छीमारांना वाघा सीमेवर आपल्या ताब्यात दिले आणि जूनच्या सुरुवातीला आणखी २०० जण परतले. म्हणजे संबंध ताणलेले असतानाही माणसे घरी येऊ शकतात. माझा आक्षेप एवढाच आहे की ही सुटका दोन्ही बाजूंच्या सरकारांच्या मर्जीवर सोडलेली असते, वास्तविक ती कराराने बांधलेली आहे.

२१ मे २००८ रोजी उभय देशांनी केलेल्या करारानुसार अटक झाल्यापासून तीन महिन्यांत कैद्याला आपल्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू दिले पाहिजे आणि शिक्षा पुरी होऊन नागरिकत्वाची खात्री पटल्यावर एका महिन्यात त्याला मायदेशी पाठवले पाहिजे. याच करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते, आणि हे मान्य केले पाहिजे की मे २०२५ मधील संघर्षानंतरही ती थांबली नाही. १ जुलै २०२५ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानच्या तुरुंगांत १९३ भारतीय मच्छीमार होते, तर आपल्याकडे त्यांचे ८१. यादी वेळेवर दिली जाते. महिन्याभरात परत पाठवण्याचे कलम मात्र पाळले जात नाही. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याविषयीचा करार दोन्ही देशांनी स्वीकारला आहे. त्याच्या ७३व्या कलमान्वये अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात) बेकायदा मासेमारी केल्याबद्दल, संबंधित देशांमध्ये तसा वेगळा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही.

कच्छ आणि सिंध यांच्यामधील सर क्रीक या सुमारे ९६ किलोमीटर लांबीच्या खाडीचा वाद सुटलेला नसल्यामुळे तिच्या तोंडापासून पुढची सागरी हद्दच आखलेली नाही. रात्री जाळे टाकलेली बोट प्रवाहाबरोबर वाहत जाते, कधी इंजिन बंद पडते, आणि पाण्यावर कोणती रेघ ओलांडली हे पकडले जाईपर्यंत खलाशाला कळतही नाही. बोट कोठे न्यायची हे तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ठरवतो. तलासरी-डहाणूकडचे आदिवासी तरुण हंगामाला ओखा, पोरबंदर, वेरावळ येथे गुजरातच्या बोटींवर हातमजुरीला गेलेले असतात. घरी उचल आधीच खर्च झालेली असते. माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या बायकांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्डाची झेरॉक्स आणि नवऱ्याचा एखादा फोटो असतो, कारण नागरिकत्वाची पडताळणी या कागदांवरच अवलंबून असते. ती पडताळणी पूर्ण झाली आहे की दिल्लीत अडली आहे, हे त्यांना सांगणारा कोणी नसतो. सुटका झाली तरी कराचीहून लाहोर, वाघा, अमृतसर आणि मग खाली गुजरात असा फेरा घालून माणूस घरी पोहोचतो. समुद्राने ओखा ते कराची हे अंतर किती थोडे आहे, ते नकाशा पाहिला तरी कळेल.

दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त न्यायिक समिती होती. ती परस्परांच्या तुरुंगांना भेट देऊन कैद्यांची स्थिती पाहत असे. ऑक्टोबर २०१३ नंतर तिची भेट झालेली नाही. २०१८ मध्ये तिला पुन्हा चालना देण्याचे दोन्ही बाजूंनी मान्य करूनही काही झाले नाही. या समितीला काश्मीरचा प्रश्न सोडवायचा नाही, व्यापार खुला करायचा नाही. शिक्षा भोगून झालेल्या माणसाची फाईल का अडली, एवढेच तिने विचारायचे आहे. तिच्या भेटी कोणत्याही राजकीय चढउतारावर अवलंबून राहू नयेत, असा आग्रह आपल्या सरकारने धरला तर त्यात कणखरपणाला बाध येत नाही. भारताने ताब्यातील सिंधच्या मच्छीमारांची शिक्षा संपताच स्वतःहून पाठवणी सुरू केली, तर या आग्रहाला वजनही येईल. पालघरच्या खासदारांनी हा विषय लोकसभेत पुन्हा पुन्हा मांडावा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. १ जानेवारी आणि १ जुलैच्या याद्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. त्या यादीत महाराष्ट्राचे किती, पालघरचे किती आणि त्यांपैकी शिक्षा पुरी झालेले किती, हे परराष्ट्र मंत्रालयाला विचारून आपण छापावे.

आपला,
एक वाचक, डहाणू