‘इफेमरल’ला क्षणाचे माप कशाला?

महोदय,

इंग्रजी ‘इफेमरल’ (जोर ‘फे’वर) दिसला की मराठीत डोळे झाकून ‘क्षणभंगुर’ लिहिले जाते. कवितेत ते खपते, शास्त्रीय मजकुरात घोटाळा होतो. सड्यांवरच्या (कातळी पठारांवरच्या) ‘इफेमरल’ वनस्पती पावसात उगवतात, फुलतात, बी धरतात आणि कातळ सुकला की संपतात. काही आठवडे किंवा महिने जगणाऱ्या रोपाला क्षणभंगुर कसे म्हणायचे? ‘इफेमरल’ ओढा तर फक्त पावसापुरता वाहणारा. पुढच्या पावसात तो पुन्हा हजर.

मूळ शब्द ग्रीक. ‘एपि’ म्हणजे वर, ‘हेमेरा’ म्हणजे दिवस. जोडताना ‘एपि’मधला इकार गळतो आणि प् ला ह भेटून फ होतो, देवनागरी वाचणाऱ्याला हे वेगळे समजावायला नको. (‘एपि’ हा आपल्या संस्कृत ‘अपि’चा चुलतभाऊ.) ‘एफेमेरोस’ म्हणजे दिवसभराचा. माप दिवसाचे आहे, क्षणाचे नाही. अमरकोशात १२ क्षणांचा मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे अहोरात्र, म्हणजे क्षण ४ मिनिटांचा. त्या हिशेबाने ‘क्षणभंगुर’ लिहिताच शब्दाचे आयुष्य ३६० पटींनी घटते! शिवाय ‘भंगुर’मधून वैराग्याचा सूर येतो, तो मूळ शब्दात नाही.

हिपानिस नदीकाठी सूर्यास्ताला मरणाऱ्या किड्याचे ‘एफेमेरॉन’ हे नाव अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवले आहे. आजही अशा कीटकांच्या गणाला ‘एफेमेरॉप्टेरा’ म्हणतात. प्रौढाचे तोंड निकामी असते. तो बहुधा काही तास, फार तर थोडे दिवस जगतो. पण त्याआधीची पाण्यातली अवस्था कित्येक महिन्यांची असते. नाव पडले ते शेवटच्या दिवसावरून.

भाषांतर कसे करावे, हे गोठ्यात पाहावे. गुरांच्या ‘इफेमरल फीवर’ला आपल्याकडे ‘तिवा’ म्हणतात, कारण तो साधारण तीन दिवसांत उतरतो. दिवस मोजून दिलेले नाव! वनस्पतीला ‘अल्पजीवी’, ओढ्याला ‘पावसापुरता’ पुरे. तिकिटे, हस्तपत्रके अशा तात्पुरत्या छापील कागदांना ‘इफेमेरा’ म्हणतात. हा शब्द मुळातच अनेकवचनी आहे, त्याला आणखी इंग्रजी अनेकवचनाचा ‘ज’ जोडू नये. आणि ‘इफेमेरिस’ म्हणजे ग्रहांची दैनंदिन स्थाने देणारे कोष्टक. तिथे दिवस आहे, अल्पायुष्य नाही.

– एक भाषांतरकार, पुणे